चौल

चौल (जुने नाव चेऊल, शिलालेखांतील रूपे चेमुल, चेमुल्य) हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या खाडीच्या उत्तर काठावर वसलेले प्राचीन बंदर व गाव आहे. अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर खाडीच्या मुखाशी रेवदंडा असून त्याच्या ईशान्येस आतल्या बाजूला आजचे चौल पसरलेले आहे. इतिहासात ही दोन्ही मिळून एकाच बंदराची अंगे होती. पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘वरचे चौल’ म्हणजे आजचे चौल आणि ‘खालचे चौल’ म्हणजे आजचे रेवदंडा. जुन्या ग्रंथांतील चौलविषयक मजकूर वाचताना हा भेद ध्यानात न ठेवल्यास एका गावाची हकिकत दुसऱ्या गावाच्या नावावर जमा होते, आणि तसे पुष्कळदा झालेलेही आहे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर, समुद्रात शिरलेल्या लांबट डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत हे बंदर कमीअधिक प्रमाणात चालू होते. सोपारा, कल्याण, ठाणे आणि दाभोळ या कोकणातील बंदरांच्या मालिकेत इतका दीर्घ लिखित पुरावा लाभलेली स्थळे थोडीच आहेत. मात्र हा पुरावा बहुतांशी परक्यांच्या लेखणीतून उतरलेला आहे. ग्रीक, अरब, रशियन, इटालियन, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा सर्वांनी चौलविषयी लिहिले. खुद्द चौलच्या विणकराने, तांडेलाने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेले फारसे काही उपलब्ध नाही.

नाव

चौल परिसराला स्थानिक परंपरेत ‘चंपावती’ आणि ‘रेवतीक्षेत्र’ अशी नावे आहेत. रेवदंडा हे नाव बलरामाची पत्नी रेवती हिच्याशी जोडले जाते. या पौराणिक व्युत्पत्तींना शिलालेखांचा आधार नाही. कोरीव लेखांत आढळते ते नाव ‘चेमुल’. कान्हेरी लेण्यांतील प्राकृत लेखांत चेमुल येथील दात्यांचे उल्लेख आहेत. शिलाहारांच्या ताम्रपटांत तेच नाव ‘चेमुल्य’, ‘चेमुली’ अशा रूपांत येते.

चेमुलपासून चौलपर्यंतचा प्रवास मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत चपखल बसतो. स्वरांमध्ये आलेल्या ‘म’काराचा ‘व’ होणे ही मराठीची जुनी सवय आहे: ग्रामचे गाव, नामचे नाव, आमलकाचा आवळा. त्याच रीतीने चेमुलचे चेवुल, चेवुलचे चेऊल आणि पुढे उच्चार आखडून चौल. शिवकालीन व पेशवेकालीन मराठी कागदांत ‘चेऊल’ हेच रूप रूढ आहे आणि चेऊलकर या आडनावात ते आजही टिकून आहे. चेमुल म्हणजे मुंबईजवळचे चेंबूर असा एक पक्ष पूर्वी मांडला गेला होता. शिलाहार ताम्रपटांत चेमुल्याची गणना समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर जकात घेणाऱ्या बंदरांत होते, त्यामुळे तो पक्ष दुबळा ठरतो.

प्राचीन उल्लेख

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-ग्रंथात कल्याणनंतरच्या दक्षिणेकडील स्थानिक बाजारपेठांच्या यादीत पहिले नाव ‘सेमिल्ला’ हे आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी या ठिकाणाला ‘सिमिल्ला’ म्हणतो. पण तेथून प्रवास करून आलेल्यांच्या सांगण्यानुसार तेथील लोक त्याला ‘तिमुला’ म्हणतात, अशी पुस्तीही जोडतो. अलेक्झांड्रियात बसून लिहिणाऱ्या विद्वानाने कोकणातील एका गावच्या उच्चाराची चौकशी करावी, यावरून त्या काळी या बंदराशी असलेल्या वर्दळीची कल्पना येते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने विश्वास गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौल येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले. परदेशी मद्यकुंभांचे तुकडे, पश्चिम आशियाई चकाकीची खापरे आणि वरच्या थरांत चिनी पोर्सेलीन हे पुरावे ग्रंथांतील उल्लेखांना पूरक आहेत. आजही नारळी-पोफळीच्या वाड्यांत आळी खणताना जुनी खापरे निघतात.

अरबांचे सैमूर

राष्ट्रकूट काळात उत्तर कोकणावर त्यांच्या मांडलिक शिलाहारांचे राज्य होते. अरब लेखक या बंदराला ‘सैमूर’ म्हणतात. बगदादचा प्रवासी व इतिहासकार अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, येथे येऊन गेला. त्या वेळी येथे ‘जंजा’ नावाचा राजा होता असे तो सांगतो. हा शिलाहार राजा झंझ होय. परक्या प्रवाशाच्या टिपणातील नाव आणि ताम्रपटांच्या वंशावळीतील नाव असे जुळल्यामुळे शिलाहारांच्या कालक्रमाला एक पक्का दुवा मिळाला.

मसूदीच्या म्हणण्यानुसार सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून येऊन लग्ने करून स्थायिक झालेले व्यापारी होते, तसेच येथेच जन्मलेले ‘बयासिरा’ होते. त्यांच्या आपसातील तंट्यांचा निवाडा करण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एकाला ‘हुनरमन’ या पदावर नेमले होते. आकडा अतिशयोक्त मानला तरी एक गोष्ट उरते: हिंदू राजाच्या बंदरात परधर्मीय व्यापाऱ्यांना त्यांच्या कायद्याने वागण्याची मुभा होती, आणि ती राजाज्ञेने दिलेली होती.

शिलाहार राजा अनंतदेव याच्या अकराव्या शतकाच्या अखेरच्या खारेपाटण ताम्रपटात काही अधिकाऱ्यांच्या नौकांना स्थानक (ठाणे), नागपूर, शूर्पारक (सोपारा), चेमुली इत्यादी बंदरांत जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. यातील नागपूर म्हणजे विदर्भातील शहर नव्हे, तर चौलच्या उत्तरेचे नागाव असावे असे अनेक अभ्यासक मानतात. नागावजवळच्या आक्षी येथील केसीदेव शिलाहाराचा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. त्याचे शकवर्ष ९३४ (इ. स. १०१२) वाचावे की ११३२, याविषयी मतभेद आहेत. दोन्हींपैकी कोणतेही वर्ष धरले तरी चौलच्या शेजारच्या या अष्टागरात मराठी राजव्यवहाराची भाषा बनू लागली होती, हे त्यातून दिसते.

बहमनी व निजामशाही काळ

यादवांच्या पाडावानंतर चौल बहमनी सत्तेखाली आले. सुमारे १४६९ मध्ये रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन होर्मुझहून दीव व खंबायतमार्गे चौलला उतरला. त्याच्या ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या टिपणवहीत चौलच्या लोकांचे वर्णन आहे. हे लोक अंगावर फार कपडे घालत नाहीत आणि आपण जाऊ तिकडे गोरा माणूस पाहायला गर्दी जमते, असे तो नोंदवतो. विक्रीसाठी आणलेला एक घोडा घेऊन तो येथून घाट चढून जुन्नरला गेला. दख्खनच्या सुलतानांचे घोडदळ अरबी व इराणी घोड्यांवर अवलंबून होते आणि ते समुद्रमार्गे चौल, दाभोळ व गोव्यास उतरत. निकितीनचा एकुलता एक घोडा हा त्या मोठ्या व्यापाराचा एक कण होता. त्याचे स्मारक आज रेवदंड्याला आहे. त्याच्या प्रवासावर १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपटही निघाला.

१४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही स्थापन झाली आणि चौल तिचे मुख्य बंदर झाले. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेला पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा सांगतो, की व्यापाराचा हंगाम डिसेंबर ते मार्च असा चार महिन्यांचा असे. त्या काळात घाटावरून पाठाळ बैलांचे मोठाले तांडे गहू, तांदूळ, तीळतेल आणि कापड घेऊन उतरत. मलबारच्या गलबतांतून नारळ, सुपारी, मसाले आणि गूळ येई. तांबे, पारा व हिंगूळ यांना देशावर मोठी मागणी होती. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की बाजार उठे आणि व्यापारी आपापल्या गावी परतत. घाटवाट आणि खाडी यांच्या या सांध्यावरच चौलची भरभराट उभी होती.

पोर्तुगीजांचे आगमन

मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत झालेली लढाई ही हिंदी महासागरात पोर्तुगीजांना पत्करावा लागलेला पहिला मोठा पराभव होय. व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेइदा याचा मुलगा लोरेंसू व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी येथे थांबला असता इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेन याच्या नेतृत्वाखाली खाडीत शिरले. पाठोपाठ दीवचा सुभेदार मलिक अयाझ याची गलबते येऊन मिळाली. माघार घेताना लोरेंसूचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो मारला गेला. मुलाच्या मृत्यूचा सूड घेताना आल्मेइदाने वर्षअखेरीस दाभोळ लुटून बेचिराख केले व फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकली. चौलच्या पराभवाची किंमत अशा रीतीने दाभोळच्या रहिवाशांनी मोजली.

निजामशाहीचे धोरण मात्र पोर्तुगीजांशी जुळवून घेण्याचे होते. १५१६ मध्ये त्यांना वखारीची परवानगी मिळाली. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने घोड्यांच्या आयातीच्या बदल्यात किल्ला बांधू दिला. मलिक अयाझच्या आरमाराचा विरोध मोडून १५२४ पर्यंत तो पुरा झाला. त्याच वर्षी व्हाइसरॉय होऊन आलेल्या वास्को द गामाने गोव्याला जाण्यापूर्वी चौलला मुक्काम केला. किल्ल्याभोवती पुढे तटबंद शहर वाढले. तेच आजचे रेवदंडा. तटाच्या आतील या भागाला स्थानिक लोक ‘आगरकोट’ म्हणतात, तर वरच्या चौलचा निजामशाही कोट ‘राजकोट’ म्हणून ओळखला जातो.

१५७०–७१ चा वेढा

विजयनगरच्या पाडावानंतर दख्खनच्या सुलतानांनी पोर्तुगीजांना हुसकावण्याचा संयुक्त बेत केला. आदिलशहाने गोव्याला, तर मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. कालिकतचा सामुद्रीही या कटात होता. निजामशाही फौजेची संख्या पोर्तुगीज लेखकांनी लाख-दीड लाखापर्यंत नेली आहे. आपला विजय थोर दिसावा म्हणून शत्रू मोठा करून दाखवण्याची ही नेहमीची रीत असल्याने हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत.

वेढा सुरू झाला तेव्हा शहराला पुरा तट नव्हता. लुईश फेरेइरा द आंद्राद हा तेथील अधिकारी होता. गोव्याहून फ्रांसिस्कु माश्करेन्यश कुमक घेऊन आला. समुद्र मोकळा राहिल्याने शिबंदीला दाणागोटा मिळत गेला, आणि बंदराचा वेढा केवळ जमिनीवरून यशस्वी होत नाही हे निजामशाहीला महागात पडून कळले. कित्येक महिन्यांच्या भडिमारानंतर घरे व मठ जमीनदोस्त झाले, तरी शहर पडले नाही. जुलै १५७१ मध्ये तह झाला. फेरिश्ता या इतिहासकाराने अपयशाचे खापर निजामशाही सरदारांवर फोडले आहे: ते पोर्तुगीजांच्या नजराण्यांना, विशेषतः दारूला, भुलले आणि रात्री किल्ल्यात रसद जाऊ दिली, असे तो म्हणतो. फेरिश्ता पुढे काही काळ निजामशाहीच्याच आश्रयाला होता, म्हणून त्याचे हे विधान लक्षणीय आहे.

कोर्लईच्या डोंगरावर तोफा चढल्यास खाडीचे तोंड बंद होऊ शकते, हे दोन्ही बाजू ओळखून होत्या. १५५८ च्या सुमारास तेथे कोणीच किल्ला बांधू नये असा करार झाला होता. तो मोडून दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने तेथे तटबंदी केली. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून ती जिंकली आणि पुढील जवळजवळ दीडशे वर्षे स्वतःकडे ठेवली.

विणकर व कारागीर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि डच प्रवासी लिन्स्खोटेन हे दोघेही पोर्तुगीजांचे व ‘मूरांचे’ अशी दोन चौले असल्याचे सांगतात. तटाच्या आतील शहरात चर्च, मठ व श्रीमंतांची घरे होती, परंतु उत्पादन वरच्या चौलमध्ये होत असे. चीनहून येणाऱ्या कच्च्या रेशमाचे तेथे नाना प्रकारचे कापड विणले जाई आणि लाखकाम केलेल्या पेट्या व मेजे तयार होत. चौलचे रेशीम गोव्यात व पर्शियन आखातात खपे. १६२३–२४ मध्ये आलेल्या इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने वरच्या चौलमधील देवळे व तळी कुतूहलाने पाहिली. पोर्तुगीज इतिहासकारांच्या ग्रंथांत किल्लेदारांची नावे ओळीने सापडतात. ज्यांच्या मागांवर बंदर चालले त्या विणकरांपैकी मात्र एकाचेही नाव सापडत नाही.

मराठे आणि चौल

निजामशाहीच्या अस्तानंतर १६३६ मध्ये हा प्रदेश विजापूरकडे गेला. कल्याण-भिवंडीच्या मोहिमेनंतर वरचे चेऊल शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आले, तर खालचे चेऊल पोर्तुगीजांकडेच राहिले. एकाच बंदराचे बाजारपेठ व बारे असे दोन तुकडे दोन राज्यांत विभागले गेले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी रेवदंड्याला वेढा दिला. त्यावर उतारा म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉयने फोंड्यावर चाल केली. संभाजी महाराजांनी स्वतः तिकडे जाऊन ती परतवली, पण रेवदंडा हाती आला नाही.

१७२१ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज व पोर्तुगीजांनी मिळून केलेल्या मोहिमेची जमवाजमव चौललाच झाली होती. खुद्द व्हाइसरॉय आणि इंग्रज कमोडोर मॅथ्यूज तिच्यात सामील होते. छत्रपती शाहूंच्या आज्ञेने बाजीराव पेशवे धावून आल्यावर मोहीम फसली. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर चौल टिकवणे पोर्तुगीजांना अशक्य झाले. इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या १७४० च्या तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांना मिळाली.

ऱ्हास

मराठ्यांच्या हाती आले ते बंदर तोवर निस्तेज झालेले होते. चौलच्या ऱ्हासाचे कारण म्हणून खाडी गाळाने भरल्याचे सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु गाळ हे एकच कारण मानल्यास सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच खाडीत मोठी जहाजे कशी येत, याचा उलगडा होत नाही. मोगलांच्या सुरतेने उत्तरेचा व्यापार ओढून घेतला, डचांनी पोर्तुगीज नौकानयनाचे कंबरडे मोडले आणि सततच्या लढायांनी घाटवाटा असुरक्षित झाल्या. निर्णायक घाव मुंबईने घातला. १६६१ च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडकडे गेल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने चौलच्या विणकरांना तेथे येऊन राहण्याचे उत्तेजन दिले व त्यांच्यासाठी किल्ल्याजवळ घरांची रांग बांधली. माग गेले तिथे व्यापारही गेला. मुंबईच्या आरंभीच्या वाढीत चौलच्या कारागिरांचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

एकोणिसाव्या शतकात जोझेफ जर्सन द कुन्या या मुंबईत वैद्यक करणाऱ्या गोमंतकीय डॉक्टरने चौल व वसईच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला (१८७६). १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमधील चौलविषयक माहिती बरीचशी त्यावर आधारलेली आहे.

अवशेष

रेवदंड्याच्या तटाचा मोठा भाग उभा असून अलिबागकडून येणारा रस्ता तटातूनच गावात शिरतो. दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेले आहे. आतील वाड्यांत झाडांच्या गर्दीत चर्च व मठांच्या भिंती दिसतात. फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा ‘सातखणी’ म्हणून प्रसिद्ध असला तरी त्याचे सातही मजले आज शिल्लक नाहीत. समुद्राकडील तट लाटांच्या माऱ्याने ढासळत चालला आहे, तर जमिनीकडील भागाला वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी ग्रासले आहे. अवशेषांपैकी बरेच खाजगी वाड्यांत असल्याने त्यांची देखभाल मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते.

चौलमध्ये रामेश्वर मंदिर, शीतळादेवीचे मंदिर, डोंगरावरील हिंगुळजा देवीचे स्थान व लेणी, तसेच पायऱ्या चढून जावे लागणारे दत्तमंदिर ही देवस्थाने आहेत. दत्तजयंतीला येथे पाच दिवस यात्रा भरते. रामेश्वराच्या सभामंडपात अग्निकुंड, वायुकुंड व पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे आहेत. अवर्षणात पर्जन्यकुंड उघडल्यास पाऊस पडतो अशी श्रद्धा होती. चौलमध्ये ३६० देवळे व ३६० तळी होती असे गावकरी सांगतात. ही संख्या मोजदादीची नसून वर्षाच्या दिवसांवरून आलेली दिसते. मुसलमानी काळातील हमामखाना, मशीद आणि ‘कलावंतिणीचा वाडा’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू भग्नावस्थेत आहेत. वाड्याच्या नावामागे दंतकथेपलीकडे आधार नाही.

रेवदंड्यात बेने इस्रायल समाजाचे एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनालय आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांवरून या समाजाला कुलाबा जिल्ह्यात ‘शनवार तेली’ म्हणत. त्यातील बहुतेक कुटुंबे मुंबईला व पुढे इस्राएलला गेली.

कोर्लईची बोली

किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज एक पोर्तुगीज-जन्य मिश्रभाषा बोलतो. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. १७४० नंतर पोर्तुगीजांशी संबंध तुटल्यावरही ही भाषा घराघरांत चालू राहिली. शब्दसंग्रह बव्हंशी पोर्तुगीज असला, तरी वाक्यरचना मराठीच्या वळणाची झाली आहे: मूळ पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सविस्तर अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांची संख्या सुमारे हजारभर आहे. शाळा व बाजार मराठीत असल्याने नव्या पिढीत तिचा वापर घटत आहे. तिला स्वतःचे लिखित वाङ्मय नाही.

सद्यःस्थिती

चौल व रेवदंडा परिसरात नारळ-सुपारीच्या वाड्या, भातशेती व मासेमारी हे परंपरागत व्यवसाय आहेत. अलीकडे पर्यटनाची भर पडली आहे. रेवदंडा–साळाव पुलामुळे मुरूडकडे जाणारा मार्ग येथूनच जातो. साळाव येथील लोखंडाच्या कारखान्याचा धक्का याच खाडीत असून त्याचा माल घेऊन बार्ज कोर्लईच्या डोंगराला वळसा घालून आत येतात. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातील होड्याही त्याच पात्रातून, भरतीची वेळ पाहून, समुद्रावर जातात.